टूथी म्हणजे काय गं, मावशी?

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलत होते. शेजारी चिमी, माझ्या बहिणीची मुलगी, वय वर्षं आठ. मी सोललेल्यातले निम्मे दाणे ती तोंडात टाकत होती. मांडीवर चित्रकलेची वही. शाळेत ‘मी’ या विषयावर चित्र काढायला सांगितलं होतं आणि चिमीने स्वतःला काढलं होतं: दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, आणि निम्मा चेहरा व्यापून राहिलेलं हसू. त्या हसण्यात दोन मोठे चौकोनी दात होते. ते तिने इतके ऐसपैस काढले होते की बाकीच्या दातांना जागाच उरली नव्हती. खाली बाईंनी लाल शाईने इंग्रजीत शेरा दिला होता, ‘लव्हली टूथी स्माइल!’ आणि शेजारी एक चांदणी. “मावशी, लव्हली कळलं. टूथी म्हणजे काय गं?” मी शेंग दोन बोटांत दाबली, दाणे ताटलीत पाडले आणि मान वर न करता म्हणाले, “टूथी म्हणजे दात पुढे असलेली.”

दाणे चावल्याचा आवाज थांबला. मी वर पाहिलं तेव्हा चिमी वहीतल्या चित्राकडे बघत होती आणि तिने ओठ मिटून घेतले होते. नुसते मिटले नव्हते, खालचा ओठ वर ओढून त्या दोन नव्या दातांवर बसवला होता, डब्याचं झाकण दाबून बसवावं तसा. त्या ओढीने हनुवटीवर बारीक बारीक खड्डे पडले होते. लिंबाच्या सालीवर असतात तसे. मग तिने वही मिटली, दप्तरात ठेवली आणि टीव्ही लावायला निघून गेली. जेवताना कशावरून तरी सगळे हसलो, तीही हसली, पण हात तोंडावर ठेवून. हा हात काल तिथे नव्हता.

ती हनुवटी मी ओळखत होते.

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. पानाच्या हिशोबाने मला पैसे मिळतात आणि एका शब्दासाठी अर्धा दिवस घालवायची मला सवय आहे. त्या शब्दासाठी मात्र मी एक शेंग सोलण्याइतकाही वेळ दिला नव्हता. कोश उघडला तर मी सांगितलेला अर्थ चूक म्हणता येणार नाही. दात ठळक दिसणारा, असाच अर्थ तिथे आहे. पण बाईंनी चांदणी काढून जे दिलं होतं, ते मी मराठीत आणताना काढून घेतलं. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

हनुवटीवरचे ते खड्डे मी पहिल्यांदा पाहिले ते आत्याच्या फोटोत. वाईच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर तो फोटो होता, कृष्णधवल, कडेला स्टुडिओचा उठावाचा शिक्का. आत्याला दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा, म्हणजे १९६७-६८ च्या सुमारास, पाहुण्यांकडे पाठवायला काढलेला. काठापदराची साडी, गळ्यात आजीची बोरमाळ, पाठीमागे रंगवलेला पडदा आणि त्यावर कमान. फोटोग्राफर तिला सारखं सांगत होता, ओठ मिटा ताई, अजून मिटा. ते आत्याच सांगायची, हसत सांगायची, पदर तोंडाला लावून. फोटोत तिचे ओठ मिटलेले आहेत, पण त्यासाठी चेहऱ्याच्या खालच्या सगळ्या भागाला जे कष्ट पडलेत ते स्पष्ट दिसतात. डोळे मात्र फार सुंदर आलेत. स्थळं यायची, पोहे व्हायचे, आणि मग निरोप यायचा. मुलगी गोरी आहे, उंच आहे, हाताला चव आहे, पण. त्या ‘पण’नंतर कुणी काही बोलायचं नाही. पुढचं आजी-आजोबांनी समजून घ्यायचं असे.

शेवटी कराडकडच्या एका ऊस बागायतदाराच्या घरी तिचं लग्न झालं. सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो तेव्हा आत्याच्या दातांचं आम्हा पोरांना अप्रूप होतं. आम्हाला उसाचं कांडं सोलायला विळी लागायची. आत्या कांडं आडवं धरायची, पेराच्या खालीच समोरच्या दातांनी सालाची कड पकडायची आणि मनगट खाली ओढायची. टर्र करून जांभळी साल पार दुसऱ्या पेरापर्यंत सोलत जायची आणि आतला पांढराशुभ्र गर ओला चमकायचा. पाच-सहा ओढींत कांडं सोललेलं. आम्ही तसं करायला गेलो की हिरड्या सोलायच्या. त्या वेळी, ऊस सोलताना, तिचा पदर खांद्यावरच असायचा. तोंडाला लावायची आठवण तिला राहायची नाही. तिचे ते मोठे, भक्कम, थोडे पिवळसर दात उन्हात पूर्ण दिसायचे आणि आम्हा सगळ्यांना तिच्याइतकं देखणं कुणी वाटायचं नाही. मग ओसरीवर कुणी बाहेरचं आलं की पदर वर.

रविवारी सकाळी चिमी आली तेव्हा मी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं की काल मी चुकीचं सांगितलं. टूथी म्हणजे हसताना छान दात दिसतात असं, आणि ते बघून समोरच्यालाही हसू येतं. चिमीने ऐकून घेतलं. “मग आधी तसं का नाही सांगितलंस?” मला उत्तर देता आलं नाही. तिने थोडं थांबून विचारलं, “मराठीत काय म्हणायचं त्याला?” मी म्हटलं, शोधून सांगते.

तेव्हापासून हा शोध चालू आहे, आणि आधी सापडले ते सगळे घाव. दातऱ्या. फावड्या. आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला चौथीपासून दहावीपर्यंत कुणी नावाने हाक मारली नाही. मीही नाही. शब्दांचं सोडा, आपल्या म्हणींकडे आणि वाक्प्रचारांकडे पाहिलं तरी दात दिसणं म्हणजे काहीतरी बिघडलेलंच. दात काढू नकोस. दात विचकतोस काय. बत्तीशी दाखवू नकोस. दातओठ खाणं, एखाद्यावर दात धरणं, दात घशात घालणं. हत्तीचे दाखवायचे दात तेवढे खोटे. कौतुक करायचं असेल तर कुंदकळ्या आणि डाळिंबाचे दाणे, म्हणजे दात लहान हवेत, एकसारखे हवेत, आणि ओठांच्या आड अर्धे झाकलेले हवेत. हसण्यासाठी मराठीत किती सुंदर शब्द आहेत! खुदकन, फिसकन, खळखळून, गालातल्या गालात, मिश्कील, तोंडभर. यातल्या एकातही दात नाही. तोंडभर हसलं तरी शब्दाने तोंडापर्यंतच जायचं, आत बघायचं नाही.

इंग्रजी पुस्तकांत ‘टूथी ग्रिन’ मला आजवर अनेकदा भेटलं होतं आणि मी दर वेळी बगल दिली होती. कधी ‘दिलखुलास हसला’, कधी ‘तोंड भरून हसला’. गेल्या वर्षी मुलांच्या एका पुस्तकात बीव्हर होता. नदीकाठची झाडं दातांनी पाडून बांध घालणारा प्राणी. त्याचे समोरचे दात आयुष्यभर वाढतच राहतात आणि त्यांच्या कवचात लोह असल्यामुळे ते चक्क नारिंगी असतात. त्याचं ते टूथी हसू मी ‘मिश्कील’ करून टाकलं. नारिंगी दातांचा प्राणी मिश्कील हसतो, हे लिहून मी पानाचे पैसे घेतले. आता ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं.

शब्द तसा साधाच आहे. दाताला ‘वाय’ लावला की टूथी, जसा केसाला लावला की हेअरी, पायाला लावला की लेगी. जे सगळ्यांनाच असतं, ते एखाद्याच्या बाबतीत आधी नजरेत भरतं, एवढंच ही शेपटी सांगते. पुढे आलेत की मोठे आहेत की नुसते खूप दिसतात, याचा खुलासा ती करत नाही. त्यामुळे त्या शब्दाला ऐसपैस जागा मिळाली आहे. जिमी कार्टर १९७६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांचं दातांचं हसू हीच त्यांची ओळख झाली. ते भुईमुगाचे शेतकरी, म्हणून इंडियानातल्या त्यांच्या पक्षाच्या लोकांनी तेरा फुटी भुईमुगाची शेंग बनवली आणि त्या शेंगेला कार्टरांचं हसू दिलं. ती शेंग आज त्यांच्या गावी, जॉर्जियातल्या प्लेन्सला, रस्त्याकडेला उभी आहे. व्यंगचित्रकारांनी ते दात कितीही ताणून काढले तरी वाचणाऱ्याला त्यात शेजारचा माणूस दिसायचा. पण टूथी म्हणजे नेहमी गोडच असंही नाही. शार्क टूथी, मगर टूथी. गळ टाकून बसणारे लोक पाइकसारख्या माशांना टूथी म्हणतात आणि दोरीच्या टोकाला धातूची तार बांधतात, नाहीतर मासा दोरी तोडून जातो. म्हणजे शब्दात चावा आहेच. हसऱ्या माणसापाशी तो शब्द येतो तेव्हा चावा मिटून येतो, इतकंच.

माझ्या पुस्तकांची चित्रं काढणारी मैत्रीण या शब्दाचा आणखी एक अर्थ रोज जगते. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती उठली आणि कपाटातून दोन कागद घेऊन आली. एक गुळगुळीत, एक शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला. “हात फिरव,” म्हणाली. दुसऱ्या कागदावर बोटाला बारीक खरखर लागली, मांजराच्या जिभेसारखी. तिने दोन्हीवर एकच निळा पेस्टल ओढला. गुळगुळीत कागदावर तो घसरला आणि फुंकर मारताच अर्धा उडून गेला. खरखरीत कागदावर रंग कणाकणाने अडकून बसला, मध्ये मध्ये पांढरा कागद डोकावत राहिला आणि त्या निळ्यात खोली आली. कागदाचा हा गुण, त्याला चित्रकार टूथ म्हणतात, आणि असा कागद टूथी. “दात नसेल तर रंग धरणार कुठे?” ती सहज बोलून गेली आणि चहा टाकायला आत गेली. मी त्या निळ्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत बसले.

इंग्रजीतही फावड्या आहेच. त्याचं नाव बकटूथ्ड. ब्रिटनमध्ये गूफी. बकटूथ्ड या शब्दात कौतुकाला जागा नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन भित्तिपत्रकांवर जपानी माणूस काढायचा म्हणजे जाड भिंगांचा चष्मा आणि ओठांबाहेर आलेले दात काढायचे, हे ठरूनच गेलं होतं. एका अख्ख्या समाजाचा द्वेष करायला दोन दात पुरले. म्हणून इंग्रजी उदार आणि आपली भाषा कठोर, असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच की तिथे त्याच दातांसाठी दुसरा दरवाजाही उघडा आहे आणि चिमीच्या बाईंना तो माहीत होता.

बकी. हे नाव मी ऐकलं ते पाचगणीच्या संदर्भात. आम्ही वाईचे. पसरणीचा घाट चढलं की पाचगणी, आणि तिथल्या निवासी शाळांतली ब्लेझर घातलेली मुलं हे आम्हाला लहानपणापासून लांबून दिसणारं जग. त्यातल्या सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा आला, वय आठ, फारुख बलसारा. वरच्या जबड्यात मागच्या बाजूला त्याला चार दात जास्तीचे होते. त्यांनी पुढच्या दातांना आणखी पुढे ढकललं होतं. शाळेतली मुलं त्याला बकी म्हणायची. तो तिथे पियानो शिकला, मुलांचा बँड काढला, मुष्टियुद्ध खेळला, आणि पुढे क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गेला. पैसा आला, जगातले उत्तम दंतवैद्य दारात उभे राहिले असते, तरी त्याने दात काढू दिले नाहीत. तोंडातली जागा बदलली तर आवाज बदलेल ही भीती. मी त्याच्या मुलाखतींची जुनी चित्रणं पाहते तेव्हा गाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष जातं. समोरचा काहीतरी विनोदी बोलतो, हा हसायला लागतो आणि वरचा ओठ झटकन खाली येतो, नाहीतर हात वर येतो. हजारो माणसांसमोर तोंड पूर्ण उघडून गाणारा माणूस खुर्चीत बसून हसताना तोंड झाकतो. गाताना मात्र कधीच नाही. ऊस सोलताना आत्याचा पदर खांद्यावर असायचा, तसंच.

त्या हाताच्या हालचालीचं मला फार वाईट वाटतं. तीस वर्षं झाली तरी आठ वर्षांच्या मुलाला मारलेली हाक त्या हातात शिल्लक आहे.

जानेवारीत आत्याकडे जायचं ठरलं. चिमीला बरोबर घेतलं. सुरूर फाट्याला आत वळून आधी वाईला एक दिवस राहिलो, कारण मला शेजारच्या गुरुजींना भेटायचं होतं. गुरुजी आता नव्वदीत आहेत. आयुष्यभर संस्कृत शिकवलं, डोळे अधू झालेत, पण अष्टाध्यायी, म्हणजे पाणिनीची संस्कृत व्याकरणाची सूत्रं, अजून मुखोद्गत आहे. मी विचारलं, गुरुजी, दात पुढे असलेल्या माणसाला संस्कृतात शब्द आहे का, आणि तो वाईट आहे का? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “दन्त उन्नत उरच्,” म्हणाले. पाचवा अध्याय, दुसरा पाद, सूत्र एकशे सहा. दात उन्नत असतील, म्हणजे वर आलेले, उठून दिसणारे असतील, तर दन्त शब्दाला ‘उर’ प्रत्यय लागतो आणि शब्द होतो दन्तुर. नुसते दात असले तर दन्तवान्. मला एकदम गलबलून आलं. पाणिनीने, जो अर्धी मात्रा वाचवण्यासाठी जिवाचं रान करायचा असं म्हणतात त्या परंपरेच्या मूळ पुरुषाने, एक अख्खं सूत्र पुढे आलेल्या दातांसाठी खर्ची घातलं होतं. आणि शब्द कुठला निवडला? उन्नत. पर्वताला, माथ्याला, मनाला लावतात तो. “आणि पुढचं सूत्र ऐक,” गुरुजी म्हणाले, “ऊषसुषिमुष्कमधो रः. एकशे सात. त्यातून मधुर येतो.” दन्तुर आणि मधुर, शेजारी शेजारी बसलेले. गुरुजींना त्यात विशेष काही वाटलं नाही, त्यांच्यासाठी तो प्रत्ययांचा क्रम होता. मला ते दोन शब्द हातात हात धरून बसल्यासारखे वाटले.

दन्तुर माणूस क्वचितच मूर्ख असतो अशा अर्थाचं एक सुभाषितही आहे, गुरुजींनी तेही म्हटलं. पण तो श्लोक पुढे जाऊन एका डोळ्याने अधू असलेल्यांना आणि गाणाऱ्या बायकांना जे म्हणतो ते ऐकून मला त्याची चार शब्दांची शाबासकीही नकोशी झाली.

दंतुर आपल्याकडे अगदी हरवलेला नाही. भूगोलात आहे. कोकणचा किनारा दंतुर आहे, म्हणून नैसर्गिक बंदरं तयार झाली, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ७२० किलोमीटरच्या आकड्याबरोबर पाठ केलंय. जमीन मध्येच समुद्रात सुळक्यासारखी घुसते, मध्येच पाणी खाडी होऊन आत शिरतं. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. सरळ किनाऱ्यावर जहाजाला आडोसा मिळत नाही, तो या दातांच्या फटीत मिळतो. माणसाच्या तोंडातून तो शब्द उठला आणि जाऊन किनाऱ्यावर बसला. माणसांसाठी मागे राहिला फावड्या.

वाईहून निघायच्या आधी चिमीच्या आईचा फोन आला. आम्ही निघायच्या आधीच ती चिमीला आणि रिपोर्ट घेऊन दंतवैद्याकडे गेली होती. काही करायचं नाही, थांबा, असं त्यांनी सांगितलं. सात-आठ वर्षांच्या वयात वरचे दोन दात येतात ते मोठ्या माणसाच्या मापाचे येतात. दात एकदा आला की रुंदीने वाढत नाही. चेहरा मात्र अजून लहान मुलाचा असतो. मधली फट अकरा-बाराव्या वर्षी सुळे उतरले की बऱ्याचदा आपोआप मिटते आणि तोवर चेहराही मोठा होऊन दातांपर्यंत पोचतो. सगळं नीट समजावलं त्यांनी. फक्त या वयाला दंतवैद्यकात जे नाव आहे तेही सांगितलं, चिमीच्या समोर. अग्ली डकलिंग स्टेज. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९३७ साली दिलेलं नाव. बहीण म्हणाली, डॉक्टरांचा हेतू चांगला होता गं. असणारच. माझा तरी कुठे वाईट होता.

गाडीत मी चिमीला म्हटलं, शब्द सापडला. जुन्या मराठी कोशांत ‘दाताळ’ आहे. हेअरीला केसाळ, तसा टूथीला दाताळ, अगदी त्याच मापाचा. आजवर तो शिवीसारखा वापरला असेल, पण बघ, याच घरातले रसाळ, दुधाळ, मधाळ. मायाळूही जवळचाच. दाताळ हसू म्हणून बघ. चिमीने खिडकीबाहेर बघत दोनदा पुटपुटून पाहिलं. “केसाळ तर कुत्रा असतो.” मग मी दंतुर सांगितला, सूत्र सांगितलं, शेजारचा मधुर सांगितला, कोकण सांगितलं. “मधुर छान आहे,” ती म्हणाली. दंतुरबद्दल काही बोलली नाही. ओठ मिटलेलेच होते. आता ते तिला सवयीने जमायला लागलं होतं, हनुवटीवर खड्डेही कमी पडत होते. ते बघून मला जास्त भीती वाटली.

आत्याच्या गावी पोचलो तेव्हा मळ्यापलीकडचं गुऱ्हाळ चालू होतं. दोन शेतं ओलांडायच्या आधीच काकवीचा तो गरम, किंचित जळकट वास नाकात शिरला. चुलाण्यात चिपाडं फडफडत होती, काहिलीत रस फसफसून वर येत होता आणि एक माणूस लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होता. आत्या खाटेवर बसली होती. तिला मी दोन वर्षांनी बघत होते. मधल्या काळात तिचे सगळे दात काढून कवळी बसवली आहे. बारीक, पांढरे, एका ओळीत बसवलेले दात. कुंदकळ्याच म्हणायच्या. मला बघून ती हसली आणि तो चेहरा मला क्षणभर ओळखीचा वाटेना. तिचं हसू त्या मोठ्या दातांभोवती तयार झालेलं होतं. दात गेले आणि ते हसू सैल कपड्यासारखं झालं. पदर मात्र वर गेला. आता झाकायला काहीही नाही, तरी हात आपोआप पदराचं टोक शोधत तोंडापाशी गेला.

पोराने ताज्या तोडीतलं एक कांडं आणून चिमीच्या हातात दिलं. आत्या म्हणाली, “विळी आण रे हिला.” मग चिमीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, “थांब. तोंड उघड बघू गं.” चिमीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तिने ओठ थोडे उघडले. आत्या पुढे वाकली, चष्मा वर केला आणि एखादी पाटी वाचावी तशी ते दोन दात निरखून बघितले. “विळी नको रे,” ती पोराला म्हणाली. तिने कांडं आडवं धरून चिमीच्या दोन्ही हातांत नीट दिलं, अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं. “पेराच्या खाली धर. खालच्या दातांनी नाही, वरच्या. आता मान नको हलवू, मनगट ओढ. हां.” पहिल्यांदा दात घसरले. दुसऱ्यांदा सालाचा इवलासा तुकडा आला. आत्याचा स्वतःचा जबडा तिच्याबरोबर हलत होता, कवळी आतल्या आत कट् कट् वाजत होती, आणि पदर कधी खांद्यावरून मांडीवर घसरला ते तिला कळलंही नव्हतं.

तिसऱ्या ओढीला टर्र आवाज झाला. जांभळी पट्टी पार पुढच्या पेरापर्यंत सोलत आली आणि चिमीच्या हनुवटीवरून रस गळायला लागला. तिने ती पट्टी हातात धरून आम्हाला दाखवली, तोंड उघडंच, त्या दोन मोठ्या दातांवर उसाचा एक धागा चिकटलेला.

“दात आहेत हो पोरीला!” आत्या गुऱ्हाळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

चिमीने चोथा थुंकला आणि पुढच्या पेराच्या खाली दात लावले.